आपण ठरवू तिथे

चूक झाली हे धाकटीला सकाळी अकरा वीसला कळलं, आणि तेही चहाच्या रांगेत.

तोवर बाई खुशीत होती. अकरा महिने पाच मित्रदेशांचं घोडं कलम नऊवर अडलं होतं आणि आज ते एकदाचं सुटलं होतं. पाचांनी मिळून एक संरक्षण दल उभारायचं, हे सगळ्यांना पहिल्या आठवड्यातच पटलं होतं. माणसं कुणी किती द्यायची, विमानं कुणी द्यायची, जखमींना कुठल्या दवाखान्यात न्यायचं, टोप्यांचा रंग कोणता, सगळं ठरलं. टोप्यांच्या रंगावर नऊ दिवस गेले. नऊ! राहिलं होतं ते एवढंच की हे दल जायचं कुठे आणि ते ठरवायचं कुणी. म्हणजे सगळं ठरलं होतं, मुद्द्याचं तेवढं सोडून.

आज सकाळी थोरल्या देशाचा प्रतिनिधी मायक्रोफोनकडे झुकून म्हणाला, "आणीबाणीत बैठका घेत बसायला वेळ नसतो. आपण ठरवू तिथे दल अठ्ठेचाळीस तासांत पोचेल." म्हणजे तो असं म्हणाला, असं धाकटी म्हणाली. ती दुभाषी, काचेच्या केबिनमध्ये बसलेली, कानात त्याचा आवाज, तोंडात आपली भाषा. सभेची भाषा वेगळी होती, पाचही देशांना सोयीची म्हणून घेतलेली. त्या भाषेत, आणि थोरल्या देशाच्या भाषेतही, 'आम्ही' आणि 'आपण' या दोहोंना मिळून एकच शब्द आहे. ऐकणारा त्यात धरलाय की नाही, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. धाकटीने 'आपण' समजून घेतलं. एक टेबल, मैत्रीची सतरा भाषणं, समोर हसरा चेहरा, आणि विचार करायला पाऊण सेकंद. दुसरं कुणीही असतं तर हेच समजलं असतं.

खाली आपल्या शिष्टमंडळात माना डोलल्या. मसुदा लिहिणाऱ्याने कानावर पडलं तसं उतरवून घेतलं: 'आपण ठरवू तिथे'. करार पाचही भाषांत लिहायचा आणि पाचही प्रती सारख्याच खऱ्या मानायच्या, अशी पद्धत. शिष्टमंडळाची प्रमुख, म्हणजे धाकटीची थोरली बहीण, सगळ्यांची ताई, हात वर करून म्हणाली, "मान्य." टाळ्या झाल्या.

आणि मग ती चहाची रांग. धाकटीच्या पुढे तोच प्रतिनिधी उभा होता. धाकटीच्या घरात त्याला सगळे गोडबोल्या म्हणत. तो आपल्या लष्करी सल्लागाराला सांगत होता, "एकदा आमचं ठरलं की त्यांना फोन करायचा. तासभर आधी कळवलं तरी पुरे."

त्यांना! म्हणजे कुणाला, हे विचारायची गरजच नव्हती. मागे वळून त्याने धाकटीला साखरेचं भांडं दिलं आणि म्हणाला, "तुमचा आवाज फार छान आहे हो. ऐकत राहावंसं वाटतं." लाजही वाटली नाही मेल्याला. दुभाष्याला तोंड असतं एवढंच या लोकांच्या लक्षात असतं. त्याला कानही असतात, हे कुणाच्या गावी नसतं.

*

आबांच्या, म्हणजे ताई-धाकटीच्या वडिलांच्या, दोन खोल्या सभागृहाच्या मागच्याच इमारतीत होत्या, तिसऱ्या मजल्यावर. जिन्याचा कठडा हलत होता तो वर्षभर तसाच. आज दुपारी सगळे तिथे जेवायला जमले होते, कारण चार वाजता सह्या आणि त्याला आबांना मानाचं बोलावणं. एकतीस वर्षांपूर्वीचा पहिला मैत्रीकरार आबांच्या हातचा. तो आज काचेच्या पेटीत ठेवणार होते. आबांनी सकाळपासून कोट घालून ठेवला होता आणि तो चुरगळेल म्हणून ते टेकून बसत नव्हते.

या दोघींचा भाऊ, दादा, सरहद्दीवरच्या खिंडीवरून दोन दिवसांच्या रजेवर आला होता. कर्नल माणूस, सहाशे जणांची पलटण सांभाळणारा, आणि इथे वहिनीच्या हुकमावरून बटाटे सोलत बसला होता. नव्या दलात पहिली जाणार ती त्याचीच पलटण. त्यामुळे आज त्याचाही मान होता. वहिनी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. सकाळची पाळी करून ती थेट इकडे आली होती आणि आल्या आल्या तिने पाच माणसांना सहा खुर्च्या का मांडल्यात म्हणून दादाला झापलं होतं. मग तिच्याच लक्षात आलं. सहावी खुर्ची मधल्या भावाची. आबा मांडतात, कुणी काढत नाही.

ताई आली ती फोनवर बोलतच. मंत्र्यांना सांगत होती, "हो, 'आपण' शब्दच आहे. आपल्या प्रतीत स्वच्छ लिहिलंय. संसदेत विरोधकांना तोंड उघडायला जागा नाही." फोन ठेवून ती खुर्चीत बसली आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा पाय लांब करून म्हणाली, "सुटलो बाई!"

"ताई," धाकटी दारातच उभी होती. "माझ्याकडून घोळ झालाय."

"आधी बस तरी."

"बसत नाही. कलम नऊ. तो 'आपण' म्हणाला नाही ताई, तो 'आम्ही' म्हणाला. मी चुकीचं सांगितलं." मग तिने चहाच्या रांगेतलं सगळं सांगितलं, फोन, तासभर, साखरेचं भांडंसुद्धा. "अजून सही झालेली नाही. मसुदा बदलता येईल. मी लेखी देते की चूक माझी. मला काढून टाकलं तरी चालेल."

दादाच्या हातातली सुरी थांबली. आबांनी मान वर केली.

ताईने ग्लासात पाणी ओतलं, प्यायली आणि म्हणाली, "मला माहितीये."

"काय माहितीये?"

"तो काय म्हणाला ते. सभेची भाषा मलाही येते. एक कान मी नेहमी उघडा ठेवते."

धाकटीला वाटलं होतं की ताई ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. इथे तर सकाळपासून जी चूक आपल्या छातीवर धोंड्यासारखी पडलीय, ती या बाईने उचलून खिशात घातली होती!

"तुला माहीत होतं, आणि तू हात वर केलास?"

"तुझा 'आपण' मला हवा होता म्हणून केला."

*

ताईचंही ऐकून घेतलं पाहिजे. ती काही विकली गेलेली बाई नव्हती. अकरा महिन्यांत तिने गोडबोल्याच्या घशातून काय काय काढलं होतं! खिंडीसाठी सहा हेलिकॉप्टरं काढली, फिरता दवाखाना काढला. गेल्या हिवाळ्यात दादाच्या दोन जखमी पोरांना खाली आणायला नऊ तास लागले होते आणि त्यातला एक वाटेतच गेला. ते कळलं त्या दिवशी ताई कचेरीच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडली होती, आणि बाहेर येऊन तिने हेलिकॉप्टरांचा आकडा चारावरून सहावर नेला होता. पण हुकूम कुणाचा, यावर गोडबोल्या तसूभर हलत नव्हता. मग आज धाकटीच्या तोंडून अवचित तो शब्द आला, आणि ताईने तो झेलला.

"नीट ऐका," ती म्हणाली. "त्यांच्या प्रतीत त्यांचा शब्द, आपल्या प्रतीत आपला. दोन्ही सारख्याच खऱ्या. उद्या वेळ आलीच तर मी आपली प्रत काढीन आणि म्हणेन, हे बघा, 'आपण' लिहिलंय, आम्हाला विचारल्याशिवाय आमची माणसं हलणार नाहीत. शब्द आज ठेवून द्यायचा आणि वेळेला काढायचा. हे मी आबांकडूनच शिकले."

आबांनी कोटाचं वरचं बटण काढलं.

"मला हेलिकॉप्टरं हवीत," दादा हळूच म्हणाला. तो धाकटीकडे बघत नव्हता. "खरं सांगू? कोण ठरवणार आणि कोण नाही हे तुम्ही शिकलेल्यांनी बघा. मला नऊ तासांचे दोन तास करून हवेत."

"बघ," ताई म्हणाली.

"बघ काय? दादा, अरे ही तुझी पलटण आहे!" धाकटी उसळली. "उद्या कुठल्या तरी परक्या नदीवर उभं करतील तुला, आणि इथे तासभर आधी फोन येईल!"

"ताईने काहीतरी विचार केला असेलच ना."

"ताईचा 'आपण' तुला अजून कळला नाही? लहानपणी 'आपण भांडी घासू या' म्हणायची आणि स्वतः पुस्तक घेऊन बसायची. भांडी कोण घासायचं?"

दादाला नको तेव्हा हसू आलं. "मी आणि मधला."

ते नाव निघालं आणि हसू जागच्या जागी मेलं. मधला एकोणीस वर्षांपूर्वी गेला. चोविसाव्या वर्षी, पूल बांधणाऱ्या तुकडीत, अशा एका देशात की तो कुठे आहे हे बघायला घरच्यांना नकाशा आणावा लागला. पहिल्या मैत्रीकराराखाली थोरल्या देशाने त्याची तुकडी हलवली. आपल्या सरकारला कळलं तेव्हा ती तिथे पोचलेली होती. थोरल्यांनी करार मोडला, असंच या घरात तेव्हापासून बोललं जायचं.

वहिनीने गॅस बंद केला. ती या घरात येऊन सोळा वर्षं झाली, पण बहीणभावंडांच्या भांडणात ती कधी पडत नसे. आज ती ओले हात पुसत टेबलाशी आली आणि सरळ नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही पलटणीला काय सांगितलंत? गेल्या सोमवारी."

"कुठलं?"

"मला फोनवर वाचून दाखवलं होतंत. सहाशे जणांना मैदानात उभं करून. सांगा ना. ताईंनाही ऐकू दे."

दादाने सुरी खाली ठेवली. "सांगितलं की... नव्या दलात गेलो तरी आपल्याला विचारल्याशिवाय कुणी आपल्याला हलवणार नाही."

"आणि त्यांनी विचारलं की हे कशावरून."

"मी म्हटलं, माझी बहीण आहे तिथे."

आता त्याच्या लक्षात आलं. तोंड लाल होत गेलं ते थेट कानापर्यंत. तो उभा राहिला तेव्हा बटाट्याची सालं मांडीवरून खाली सांडली. "ताई, तू मला खोटं पाडलंस? सहाशे माणसांसमोर? त्यांतल्या एकाची बायको आठव्या महिन्यात आहे. तो मला म्हणाला, साहेब, तुमचा शब्द ना, मग मी फॉर्मवर सही करतो. आणि तू सकाळी, सगळं कळत असताना, बिनदिक्कत हात वर केलास? मला एक फोन करायला काय झालं होतं?"

"मी तुमच्या सगळ्यांच्या जिवासाठी..."

"आमच्या जिवाचं आम्हाला विचार की! गोडबोल्या तरी परका आहे. त्याने तासभर आधी फोन करायचं ठरवलंय. तू तेवढाही केला नाहीस!"

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. "मग जा आणि तूच बस त्या टेबलावर! अकरा महिने! समोरचा हसत हसत गळ्यात काय मारतोय ते ओळखत, हसत हसत परत करायचं. तुम्हाला काय, येऊन चिडायचं. करार नको? बरं. खिंडीत दोन पलटणी आणि पलीकडे केवढं सैन्य आहे ते तूच मोजून येतोस ना? हा एक शब्द आहे आपल्या हातात. एकच. आणि तो धारदार आहे. आबांनी तो पहिल्या करारात घातला, वीस वर्षं प्रशिक्षणात शिकवला. आबा, सांगा यांना!"

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबांनी कोट काढला, घडी न घालता सहाव्या खुर्चीवर टाकला, आणि आज सकाळपासून पहिल्यांदा पाठ टेकली.

"मधला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी," ते म्हणाले, "मी करार घेऊन त्यांच्या कचेरीत गेलो होतो."

हे कुणालाच माहीत नव्हतं.

"तेव्हाचा त्यांचा प्रतिनिधी म्हातारा होता. सभ्य माणूस. मला बसवलं, दुःख झालं म्हणाला. मी आपली प्रत उघडली, बोट ठेवलं. म्हटलं, इथे 'आपण' लिहिलंय. म्हणजे तुम्ही आणि आम्ही मिळून. तुम्ही आम्हाला विचारलं नाहीत. त्याने कागद हातात घेतला, चष्मा लावला, आणि मला विचारलं..." आबा थांबले. "विचारलं, हा कागद सरळ कुठून धरायचा?"

वहिनीच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

"मी सांगितलं, दोन्ही प्रती सारख्याच खऱ्या आहेत. म्हणाला, अगदी बरोबर. आमच्यात जो शब्द आहे तोच तुमच्यात आहे, मग वाद कुठेय? त्याची काही लबाडी नव्हती ग. त्याला खरंच दिसत नव्हतं. आपला 'आपण' फक्त आपल्याला वाचता येतो. म्हणून तो फक्त आपल्यालाच फसवतो. आपल्या संसदेला, आपल्या पोरांना. मधल्याने तो करार पाठ केला होता. जाताना मला म्हणाला होता, काळजी करू नका आबा, आपल्याला विचारतीलच की."

ताई उठली. ती रडेल असं धाकटीला वाटलं, पण ताईचा चेहरा रागाने पांढराफटक पडला होता.

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"मला लाज वाटली."

"एकोणीस वर्षं? मी तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत होते, आबा! तुम्ही फळ्यावर 'आपण' लिहून खाली दोन रेघा मारायचात, आणि मी त्या दोन रेघांवर भरवसा ठेवून आज... मधला जाऊनसुद्धा तुम्ही तेच शिकवत राहिलात?"

"दुसरं काही शिकवायला नव्हतं माझ्याकडे," आबा म्हणाले.

ताईने पर्स उचलली. दारापाशी धाकटीने तिचा हात धरला. "ताई, चार वाजता उलटवाचन आहे. तेव्हा काय करणारेस?"

उलटवाचन म्हणजे सह्यांच्या आधीची शेवटची पायरी. प्रत्येक देशाने आपली प्रत आपल्या भाषेत मोठ्याने वाचायची, आणि त्या भाषेच्या दुभाष्याने ती सभेच्या भाषेत परत फिरवायची, म्हणजे कुणाच्या प्रतीत काय आहे ते सगळ्यांच्या कानावर पडतं. कुणी ऐकत नाही. तेवढ्यात लोक पेनांची टोपणं काढून ठेवतात.

"मी 'आपण ठरवू तिथे' वाचेन," ताई म्हणाली. "तू तो एक शब्द म्हण. जो आहे तो."

"आणि मी पूर्ण सांगितला तर?"

"दुभाष्याने पदरचं काही घालायचं नसतं."

"गाळायचंही नसतं," धाकटी म्हणाली.

ताईने हात सोडवून घेतला आणि ती जिना उतरून गेली, न जेवता. तिचं ताट तसंच राहिलं.

*

चार वाजता पाहुण्यांच्या सज्जात आबा, वहिनी आणि गणवेशातला दादा पहिल्या रांगेत बसले होते. आबा कोटाशिवाय आले होते. काचेच्या पेटीतल्या आपल्या अक्षराकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. खाली पाच झेंडे, पाच पेनं, पाण्याचे जग. गोडबोल्याने वर बघून दादाला हात केला. दादाने हात मांडीवरच ठेवला.

केबिनमध्ये धाकटीची जोडीदारीण आपली अर्ध्या तासाची पाळी संपवत होती. कलम आठ संपलं. माईक धाकटीकडे आला. ताईला हवं असतं तर एका चिठ्ठीत तिने धाकटीला केबिनमधून उठवलं असतं. दीड वाजल्यापासून धाकटी त्या चिठ्ठीची वाट बघत होती. चिठ्ठी आली नव्हती. का आली नव्हती, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

ताईने कलम नऊ उघडलं. एरवी ती वाचताना मान वर करत नाही. आता तिने थेट काचेकडे बघितलं.

"आणीबाणीच्या काळात," ती वाचू लागली, आणि थांबली. तीन सेकंद. वाचनात तीन सेकंद म्हणजे फार. केबिनमधल्या माणसाला तेवढ्यात वाक्य जुळवता येतं. "आपण. ठरवू तिथे. दल अठ्ठेचाळीस तासांत पोचेल."

धाकटी सभेच्या भाषेत म्हणाली, "आणीबाणीच्या काळात आम्ही आणि तुम्ही, पाचही जण मिळून, एकमेकांना विचारून ठरवू तिथे दल अठ्ठेचाळीस तासांत पोचेल."

पेनांची टोपणं निघत होती ती थांबली. गोडबोल्याने कानातलं यंत्र दाबून बघितलं, मग माईक लावला. "माफ करा. दुभाष्याची काहीतरी चूक झाली. असं ठरलेलं नाही."

"चूक नाही," ताई म्हणाली. "आमच्या प्रतीत हेच आहे. आमच्या शब्दाचा अर्थच तेवढा आहे. तुमच्या प्रतीत काय आहे?"

गोडबोल्या हसला. तेच ते हसणं. त्याने एकच शब्द उच्चारला, त्यांच्या प्रतीतला, सभेच्या भाषेत, हळुवारपणे, लहान मुलाला समजावल्यासारखा. आणि तो शब्द केबिनमधून फिरून आपल्या शिष्टमंडळाच्या, पत्रकारांच्या, सज्जातल्या तिघांच्या कानात पोचला.

"आम्ही," धाकटी म्हणाली.

सज्जात आबांनी डोळे मिटले. दादाने मात्र मान ताठ केली.

"मग तुमच्या प्रतीतही पाचांची नावं लिहा," ताई म्हणाली. "एका शब्दात बसत नसेल तर पाच शब्द वापरा. आम्ही थांबतो."

"बाईसाहेब, अकरा महिने झाले. आता एका सर्वनामासाठी सगळं अडवायचं? मित्रांमध्ये इतका अविश्वास बरा नव्हे. दल उभं राहू द्या, तपशील मागाहून बघू."

"तपशील?" ताईचा आवाज चढला. सभेत तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. "आमची सहाशे माणसं कुठे मरायची, हा तुम्हाला तपशील वाटतो? एकदा तुम्ही ठरवलंत आणि आम्हाला मागाहून कळवलंत. माझा भाऊ होता त्यात. तेव्हा आम्ही गप्प बसलो, आमचा शब्द तुम्हाला वाचता येत नाही म्हणून. आता वाचून दाखवला. ऐकलात ना? मग लिहा."

टेबलाच्या टोकाला सगळ्यांत छोट्या देशाची प्रतिनिधी बसली होती. तिने चष्मा लावला आणि ती आपल्या प्रतीची पानं उलटू लागली.

"आम्हाला ते शक्य नाही," गोडबोल्या म्हणाला. हसू अजून तोंडावर होतं, विसरून राहिल्यासारखं.

ताईने समोरच्या पेनाला टोपण लावलं. सहा हेलिकॉप्टरं, फिरता दवाखाना, नऊ तासांचे दोन तास, सगळं त्या टोपणाखाली गेलं. तिला ते कळत होतं. तिने एकदा वर सज्जाकडे, दादाकडे बघितलं. दादाने मान हलवली. ताई उभी राहिली.

"आम्ही निघतो," ती म्हणाली.

धाकटीने ते सभेच्या भाषेत सांगितलं, त्या भाषेतल्या त्या एकुलत्या एका शब्दात. गोडबोल्याला वाटलं चहाची वेळ झाली. तोही फाइल मिटून अर्धवट उठला. मग त्याने आजूबाजूला बघितलं. उठली होती ती फक्त एका देशाची माणसं. तो तसाच वाकून माईकमध्ये म्हणाला, "म्हणजे कोण? सगळेच?"

अकरा महिन्यांत तो पहिल्यांदाच हे विचारत होता.

ताई दारापर्यंत पोचली होती. ती परत आली, माईक जवळ ओढला आणि म्हणाली, "आम्ही."

सभेच्या भाषेत त्याला शब्द नव्हता. मग धाकटीने दोन वापरले.

"तुम्ही नाही."